बीएमई२८० दाबमापक मॉड्यूल : वायूचे आकारमान एसटीपीला आणायला कितपत कामाचे?

वायूचे आकारमान मोजले की ते एसटीपीला, म्हणजे प्रमाण तापमान व दाबाला, आणून लिहायचे, ही शिस्त अकरावीपासूनची. त्यासाठी दोन आकडे लागतात : वायूचे तापमान आणि त्या वेळचा दाब. तापमापक कुठल्याही प्रयोगशाळेत असतो. दाबाच्या रकान्यात मात्र अनेक जर्नलांत डोळे झाकून ७६० मिमी लिहिलेले सापडते. रत्नागिरीत किंवा पणजीत ते फारसे नडत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब ९४८ हेक्टोपास्कलच्या, म्हणजे ७११ मिमीच्या, आसपास असतो. तिथे ७६० धरले तर उत्तर सात टक्क्यांनी चुकते. महाबळेश्वरला दाब ८६० हेक्टोपास्कलच्या घरात असतो आणि चूक सतरा टक्क्यांच्या वर जाते. एवढी चूक पोटात घेऊन मोलीय आकारमान काढण्यात काही अर्थ नाही.

बॉश कंपनीचा बीएमई२८० हा दाब, तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर या रकान्यासाठी स्वस्त आणि पुरेसा अचूक उपाय आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन तो छोट्या पट्टीवर बसवलेला तयार मिळतो. हवामान केंद्र किंवा ड्रोनसाठी त्याबद्दल भरपूर लिहिले गेले आहे. इथे त्याची पारख एकाच कामासाठी केली आहे : कनिष्ठ महाविद्यालयाच्या किंवा बीएस्सीच्या प्रयोगशाळेत वायूचे आकारमान एसटीपीला आणणे.

आधी एसटीपी कोणते ते ठरवा

जुन्या पुस्तकांत एसटीपी म्हणजे ० अंश सेल्सिअस आणि १ अ‍ॅटमॉस्फिअर, म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल. या स्थितीत आदर्श वायूचा एक मोल २२.४१४ लिटर जागा घेतो. आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) १९८२ मध्ये प्रमाण दाब १ बार, म्हणजे १००० हेक्टोपास्कल, केला. तापमान तेच राहिले, मोलीय आकारमान २२.७११ लिटर झाले. दोन्हींत १.३ टक्क्यांचा फरक आहे. नीट केलेल्या प्रयोगातली चूक त्याहून कमी असू शकते, त्यामुळे कोणते एसटीपी धरले हे उत्तराच्या शेजारी लिहिलेच पाहिजे. कारखान्यात जाणाऱ्या विद्यार्थ्याला तर हे फारच जपावे लागते. पाइपच्या नैसर्गिक वायूचे बिल १५ अंश आणि १.०१३२५ बारच्या घनमीटरवर निघते. धुराड्याच्या उत्सर्जनात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ २५ अंश, ७६० मिमी आणि कोरडा वायू धरते. मास फ्लो कंट्रोलरचे (वायूचा प्रवाह मोजून नियंत्रित करणारे उपकरण) उत्पादक तर आपापले 'स्टँडर्ड लिटर' वेगवेगळ्या तापमानाला धरतात, कोणी ०, कोणी २०, कोणी २५. शब्द तोच, घनमीटर वेगळा.

१ बारच्या एसटीपीला या सेन्सरची एक सोय आहे. त्याच्या वाचनाचा हेक्टोपास्कलमधला आकडा १००० ने भागला की थेट बार मिळतात.

कागदावरची अचूकता आणि टेबलावरची

कंपनीच्या माहितीपत्रकानुसार दाबाची कक्षा ३०० ते ११०० हेक्टोपास्कल आहे. ० ते ६५ अंशांदरम्यान निरपेक्ष अचूकता साधारण ±१ हेक्टोपास्कल, आणि लागोपाठच्या वाचनांतल्या फरकाची अचूकता ±०.१२. पुण्याच्या दाबावर १ हेक्टोपास्कल म्हणजे ०.१ टक्का. या कामाला ते पुरून उरते.

पण त्याच पत्रकात आणखी दोन ओळी आहेत, त्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. सोल्डर करताना सेन्सरवर येणाऱ्या ताणामुळे वाचन -०.५ ते +२ हेक्टोपास्कल सरकू शकते, आणि वर्षाला ±१ हेक्टोपास्कल इतकी घसरणही होऊ शकते. तयार मॉड्यूलवरचा सेन्सर कुठल्या तापमानाला, कसा चिकटवला हे आपल्याला कळत नाही. म्हणून विकत घेतलेल्या नव्या मॉड्यूलचे वाचन डोळे झाकून २ हेक्टोपास्कलहून अधिक अचूक धरू नये. पडताळणी केली की ही चूक एकापर्यंत येते. ती कशी करायची ते खाली आहे.

तापमानाची बाजू मात्र कमकुवत आहे. २५ अंशांना ±०.५ अंश असे पत्रक म्हणते, पण तो आकडा सेन्सरच्या पोटातल्या तापमानाचा. हे तापमान मुळात दाब आणि आर्द्रतेचे वाचन दुरुस्त करण्यासाठी मोजले जाते. मॉड्यूलवरचा व्होल्टेज रेग्युलेटर तापतो, सेन्सर सतत मोजत राहिला तर तोही थोडा तापतो, शेजारी मायक्रोकंट्रोलर (सेन्सरचे वाचन घेणारी आर्डुइनोसारखी पट्टी) असेल तर त्याची ऊब पोचते. परिणामी वाचन खोलीच्या तापमानापेक्षा एखाद-दोन अंश वर बसते. तपासणे सोपे आहे : पट्टी तासभर बंद ठेवा, चालू केल्याबरोबरचे पहिले वाचन टिपा, पंधरा मिनिटांनी पुन्हा टिपा. खोली तीच असेल तर दोन्हींतला फरक हीच त्याची स्वतःची ऊब.

एक अंशाची चूक किती महाग पडते? ३० अंशांच्या आसपास तापमानाच्या गुणोत्तरात ०.३३ टक्का. वायू पाण्यावर जमा केला असेल तर त्याच तापमानाने बाष्पदाबही (वायूत मिसळलेल्या पाण्याच्या वाफेचा दाब) चुकीचा काढला जातो : तिथे एक अंशाला साधारण २.४ हेक्टोपास्कल, म्हणजे आणखी पाव टक्क्याहून थोडे जास्त. दोन्ही चुका एकाच दिशेला जातात, बेरीज ०.६ टक्का. दाबाच्या चुकीच्या सहापट. त्यामुळे निर्णय स्पष्ट आहे : दाब बीएमई२८०चा घ्या, तापमान त्याचे कधीही घेऊ नका. नळीभोवतीच्या पाण्यात बुडवलेला साधा तापमापक किंवा जलरोधक नळीतला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर वापरा. मोजायचे असते वायूचे तापमान. टेबलावरच्या पट्टीचे तापमान इथे काही कामाचे नाही.

खऱ्या प्रयोगात आकडे कसे पडतात

मॅग्नेशियम आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा नेहमीचा प्रयोग घेऊ. ५० मिलीची युडिओमीटर नळी (वायू जमा करून मोजायची अंशांकित नळी), ०.०४० ग्रॅम मॅग्नेशियम, पुण्यातली ३० अंशांची दुपार, दाब ९४८ हेक्टोपास्कल. ०.०४० ग्रॅम म्हणजे ०.००१६४६ मोल. नळीत वायू जमला ४५.६ मिली.

३० अंशांना पाण्याचा बाष्पदाब ४२.४ हेक्टोपास्कल. म्हणून कोरड्या हायड्रोजनचा दाब ९४८ वजा ४२.४, म्हणजे ९०५.६. आता ४५.६ × (९०५.६ ÷ १०००) × (२७३.१५ ÷ ३०३.१५) = ३७.२ मिली. मोलांनी भागल्यावर २२.६ लिटर. अपेक्षित २२.७१, चूक अर्ध्या टक्क्याच्या आत.

हाच प्रयोग तीन चुकांसह करून पाहा. बाष्पदाब वजा करायला विसरलात तर उत्तर २३.७. सेन्सरऐवजी हवामानाच्या अ‍ॅपवरचा समुद्रसपाटीचा दाब, समजा १००८, घेतलात तर २४.१. आणि हिशेब १ अ‍ॅटमॉस्फिअरला करून उत्तर २२.७१ शी ताडलेत तर तुमचे २२.३ विनाकारण चुकीचे दिसेल, कारण त्याची तुलना २२.४१ शी व्हायला हवी.

मधली चूक सर्वांत जास्त घडते. फोनवर, बातम्यांत, हवामान नकाशावर जो दाब दिसतो तो समुद्रसपाटीला आणलेला असतो. उंचीवरच्या गावांचे दाब एकमेकांशी ताडता यावेत म्हणून तसे करतात. तुमच्या नळीतल्या हायड्रोजनला समुद्रसपाटीशी काही देणेघेणे नाही, त्याच्यावर त्या खोलीतली हवा दाब देते. बीएमई२८० नेमका हाच स्थानिक दाब देतो आणि या कामात त्याची खरी किंमत इथे आहे. नमुना प्रोग्रॅममध्ये १०१३.२५ असा समुद्रसपाटीच्या दाबाचा आकडा दिसतो, तो फक्त उंची काढण्यासाठी असतो. तो बदलून दाबाचे वाचन 'दुरुस्त' करायचा प्रयत्न बरेच जण करतात. त्याने दाबाचे वाचन तसूभरही बदलत नाही.

एक गोष्ट सेन्सर तुमच्यासाठी करू शकत नाही. तो खोलीचा दाब सांगतो, नळीच्या आतला नाही. नळीतली पाण्याची पातळी बाहेरच्या पातळीपेक्षा १० सेंमी वर राहिली तर आतला दाब सुमारे ९.८ हेक्टोपास्कलने कमी असतो, म्हणजे सरळ एक टक्का. नळी खोल भांड्यात उतरवून दोन्ही पातळ्या जुळवा, मगच आकारमान वाचा. गॅस सिरिंज वापरत असाल तर दट्ट्याचे घर्षण हीच अडचण वेगळ्या रूपात आणते. वाचनाआधी दट्ट्या हलकेच गोल फिरवून मोकळा करा. संगमरवर आणि आम्लाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर सिरिंजच हवी, कारण तो पाण्यात विरघळतो आणि आकारमान कमी भरते.

वजनाचेही भान ठेवा. ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचणाऱ्या काट्यावर ०.०४० ग्रॅम मोजणे व्यर्थ आहे. एक मीटर फीत घासकागदाने स्वच्छ करून तिचे वजन करा, ते साधारण एक ग्रॅम भरते, आणि मग लांबीने तुकडे कापा. तरीही ४० मिमीच्या तुकड्यात अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे सव्वा टक्का. या साखळीत ०.१ टक्क्याचा दाबमापक सर्वांत भक्कम कडी आहे. म्हणून याहून महाग दाबमापकावर पैसे घालवू नयेत, ते चांगल्या काट्यावर घालवावेत.

खरेदी करताना

पहिला धोका बनावट मालाचा. बीएमपी२८० हा याच घराण्यातला, आर्द्रता न मोजणारा सेन्सर आहे आणि तो बीएमई म्हणून विकला जातो. भिंगाखाली पाहा : बीएमईची धातूची डबी चौकोनी, २.५ × २.५ मिमी असते. बीएमपीची लांबट, २ × २.५ मिमी. पट्टीवरच्या छपाईवर जाऊ नका, एकाच छपाईच्या पट्टीवर दोन्ही बसवलेले मिळतात. खात्री ओळखक्रमांकाने होते : प्रोग्रॅमने वाचल्यावर बीएमई हेक्स ६० देतो, बीएमपी हेक्स ५८.

आता प्रामाणिक सल्ला. वायू पाण्यावर जमा करणार असाल तर तो बाष्पाने संपृक्तच असतो. बाष्पदाब तक्त्यातून, पाण्याच्या तापमानाला, घ्यायचा असतो आणि खोलीच्या आर्द्रतेचा त्यात काही संबंध येत नाही. म्हणजे या प्रयोगाला बीएमपी२८० पुरतो. दाबाची अचूकता जवळपास तीच, आणि बीएमईसाठी बीएमपीच्या काही पट पैसे मोजावे लागतात. खोलीतली हवाच सिरिंजमध्ये घेऊन तिचे कोरडे आकारमान काढायचे असेल, हवेची घनता मोजायची असेल, तर आर्द्रता लागते आणि बीएमईचे पैसे वसूल होतात. त्याची आर्द्रतेची अचूकता ±३ टक्के आहे. ३० अंशांना त्याने बाष्पाच्या दाबात सव्वा हेक्टोपास्कलचा फरक पडतो, तो चालण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट पायांची, म्हणजे पिनांची. चार पायांच्या बीएमई पट्टीवर साधारणपणे रेग्युलेटर असतो आणि ती ५ व्होल्टवर चालते. सहा पायांच्या पट्टीवर बहुधा तो नसतो. तिला ३.३ व्होल्टच द्या, ५ दिलेत तर सेन्सर मरतो. आर्डुइनो उनोला एसडीए (माहितीचा) पाय ए४ला आणि एससीएल (घड्याळाचा) ए५ला जोडतात. ईएसपी३२ मध्ये नेहमीचे पाय २१ आणि २२. सहा पायांच्या पट्टीत एसडीओ जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडला तर पत्ता (ज्या क्रमांकाने प्रोग्रॅम सेन्सर शोधतो) हेक्स ७६ होतो, ३.३ व्होल्टला जोडला तर ७७. तो लोंबकळत ठेवू नये, आणि सीएसबी ३.३ व्होल्टला बांधावा. 'सेन्सर सापडत नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच सुटते : अ‍ॅडाफ्रूट कंपनीची लायब्ररी (सेन्सर वाचायचा तयार प्रोग्रॅम) न सांगता ७७ शोधते आणि स्वस्त पट्ट्या ७६वर असतात.

प्रोग्रॅममध्ये सतत मोजणारा मोड न ठेवता 'फोर्स्ड' मोड (सांगितल्यावरच एकदा मोजणारा) ठेवा आणि मिनिटाला एक वाचन घ्या. ऊब कमी होते. प्रोग्रॅममध्ये आकडा पास्कलमध्ये येतो, हेक्टोपास्कलसाठी १०० ने भागा. डबीवरचे बारीक भोक टेपने किंवा वार्निशने बुजवू नका, पट्टी उन्हात किंवा पंख्याच्या झोतात ठेवू नका, आणि आम्लाच्या किंवा अमोनियाच्या बाटल्यांपासून दूर ठेवा. दाब खोलीभर एकच असतो, तेव्हा पट्टी धुराच्या कपाटाशेजारी असण्याची गरज नाही. शिक्षकाच्या टेबलावर, त्याच मजल्यावर असली की झाले.

पडताळणी

पहिली चाचणी जिन्याची. तळमजल्यावर वाचन घ्या, १० मीटर वर जाऊन पुन्हा घ्या. पुण्यात १.०५ ते १.१ हेक्टोपास्कलने दाब कमी यायला हवा. फरक दिसला नाही किंवा दुप्पट दिसला तर पट्टी परत करा.

दुसरी चोवीस तासांची, आणि ही फार सुंदर चाचणी आहे. आपल्या अक्षांशांवर हवेच्या दाबाला रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब वर असतो, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली, फरक दोन ते चार हेक्टोपास्कलचा. शांत हवेच्या दिवशी आलेखावर दोन उंचवटे स्वच्छ दिसतात. सेन्सर बिघडलेला असेल तर त्याऐवजी आलेख दिवसाच्या तापमानामागे धावतो आणि एकच उंचवटा दिसतो.

तिसरी चाचणी निरपेक्ष आकड्याची. जवळच्या विमानतळाच्या हवामान संदेशातला क्यूएनएच, म्हणजे तिथला दाबाचा आकडा, घ्या. तो समुद्रसपाटीला आणलेला असतो, म्हणून आपल्या जागेच्या उंचीने परत खाली आणावा लागतो : उंचीला (मीटरमध्ये) ०.००००२२५५८ ने गुणा, १ मधून वजा करा, त्याचा ५.२५६ घात घ्या आणि क्यूएनएचला त्याने गुणा. ५६० मीटरसाठी हा गुणक ०.९३५४ येतो. क्यूएनएच पूर्ण आकड्यात, अपूर्णांक सोडून देतात, तेव्हा तो सरासरीने अर्धा हेक्टोपास्कल कमी असतो. हेही ध्यानात धरा. वेगवेगळ्या दिवशी दहा वेळा ताडून सरासरी फरक काढा आणि तो प्रोग्रॅममध्ये वजा करा. जागेची उंची १० मीटरने चुकली तरी १ हेक्टोपास्कल चुकेल, म्हणून ती फोनच्या जीपीएसवरून घेऊ नका. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून किंवा जवळच्या रेल्वे स्थानकाच्या पाटीवरच्या उंचीवरून काढा.

भिंतीवरचा पाऱ्याचा फोर्टिन बॅरोमीटर असेल तर त्याच्याशीही ताडता येते, पण दुरुस्त्या करूनच. ३० अंशांना पारा आणि पितळी पट्टी यांच्या प्रसरणामुळे पुण्याच्या दाबावर वाचन ४.६ हेक्टोपास्कलने जास्त येते, आणि इथले गुरुत्व प्रमाण मूल्यापेक्षा कमी असल्याने आणखी सुमारे २. मिळून साडेसहा हेक्टोपास्कल वजा न करता घेतलेले फोर्टिनचे वाचन या नखाएवढ्या सेन्सरच्या वाचनापेक्षा वाईट असते. दुरुस्त केलेला फोर्टिन मात्र अजूनही उत्तम संदर्भ आहे. पारा गळत नसेल तर तो मोडीत काढू नका.

उत्सर्जन तपासणी, औषध कंपनी किंवा देवघेवीचे बिल अशा कामांसाठी हे मॉड्यूल घेऊ नये. तिथे एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे अंशांकन प्रमाणपत्र लागते आणि ते ज्या उपकरणाला मिळते त्याची बनावट वेगळी असते.

महाविद्यालयासाठी सुचवणे असे : पाण्यावरच्या प्रयोगांना दोन बीएमपी२८०, हवेच्या प्रयोगांना एक बीएमई२८०, आणि एक जलरोधक डीएस१८बी२०. दोन बीएमपींपैकी एक रोजच्या वापराला, दुसरा सिलिका जेलसह डबीत बंद. पट्टीच्या मागे मार्करने खरेदीची तारीख आणि वजा करायचा फरक लिहून ठेवा. दर जूनमध्ये, वर्ग सुरू होण्याआधी, डबीतला काढून दोन्ही शेजारी शेजारी दिवसभर चालवा. फरक दीड हेक्टोपास्कलच्या पुढे गेला असेल तर दोघांचीही क्यूएनएचची चाचणी पुन्हा करा आणि मागचा आकडा खोडून नवा लिहा.